पार्किंगचा ठेका द्या हवं तर, पण दर आणि रस्ता देऊ नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नगरपरिषदेच्या सभेत ठराव येतोय, बाजारपेठेच्या मेन रोडवरचं पार्किंग आणि एसटी स्टँडसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर होणारं मजली पार्किंग, दोन्ही मिळून एका खासगी कंपनीला ३० वर्षांसाठी द्यायचं. बिल्डिंग कंपनी बांधणार, पालिकेला वर्षाला ठरलेली रक्कम देणार, आणि दर तीन वर्षांनी दर आपोआप वाढणार. तुमच्या व्यापारी संघटनेत दोन तट पडलेत, निम्मे म्हणतात पालिकेला धड काही चालवता येत नाही, खासगी आलं तर शिस्त येईल, आणि निम्मे म्हणतात गिऱ्हाईक पळेल. मी पार्किंगचे सर्व्हे आणि टेंडरची कागदपत्रं करण्यात बरीच वर्षं घातलीत, पालिकेच्या बाजूनेही बसलोय आणि ठेकेदाराच्या बाजूनेही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सरकारी की खासगी हा प्रश्न असा उभाच करू नका. पार्किंगमध्ये चार वेगवेगळी कामं असतात आणि ती चार वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. जागा कुणाची, दर कोण ठरवणार, पैसे कोण गोळा करणार, आणि चुकीच्या ठिकाणी गाडी लावली तर दंड कोण करणार. लोक भांडतात ते तिसऱ्यावरून, म्हणजे पावती फाडणारा पोरगा पालिकेचा की ठेकेदाराचा. खरं सांगायचं तर त्याने फार फरक पडत नाही. फरक पडतो दुसऱ्याने, आणि तुमच्या ठरावात नेमकं तेच जातंय, दर. शिवाय रस्ताही जातोय, कारण एकदा ३० वर्षं मेन रोडची कडा कुणाच्या उत्पन्नाला बांधली की तिथे फुटपाथ रुंद करायचा, एकेरी वाहतूक करायची, पथारीवाल्यांना जागा द्यायची, यातलं काहीही करायला त्या कंपनीला विचारावं लागणार नाहीतर भरपाई द्यावी लागणार.

हे मी हवेत बोलत नाहीये, शिकागोत झालंय. डिसेंबर २००८ मध्ये मेयर रिचर्ड डेली यांनी शहरातले साधारण ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिले, मागे मॉर्गन स्टॅन्ली ही बडी बँक होती, रक्कम सुमारे ११५ कोटी डॉलर. सौदा जाहीर झाला आणि दोनच दिवसांत सिटी कौन्सिलने ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर करून टाकला. एवढा जाडजूड करार दोन दिवसांत कोण वाचणार? पुढच्या वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने (पोलीस नव्हे, शहराच्या कारभाराची तपासणी करणारा अधिकारी) हिशेब काढला, तर मीटर स्वतःकडे ठेवले असते तर त्यांची किंमत जितकी धरायला हवी होती त्यापेक्षा घेतलेली रक्कम ९७ कोटी डॉलरहून अधिकने कमी होती. वस्त्यांमधले दर बऱ्याच ठिकाणी तासाला २५ सेंटवरून एक डॉलरवर गेले, आणि शहराच्या मधल्या भागात, ज्याला ते लूप म्हणतात, तीन डॉलरवरून चढत चढत २०१३ पर्यंत साडेसहा डॉलर. आलेल्या पैशातला मोठा भाग शहराने बजेटमधली भोकं बुजवायला थोड्याच वर्षांत वापरून टाकला. करार मात्र २०८३ पर्यंत आहे.

पण दर वाढले हा त्यातला लहान भाग. खरी मेख पुढे आहे. रस्ता दुरुस्तीला बंद केला, जत्रा-मिरवणूक-मॅरेथॉन म्हणून मीटर काही दिवस बंद ठेवले, सायकल लेन काढली, बसथांबा हलवला, की त्या जागेचं बुडालेलं उत्पन्न शहराने कंपनीला भरून द्यायचं. करारात त्याला ट्रू-अप म्हणतात. म्हणजे स्वतःच्याच रस्त्यावर काही करायचं तर आधी बिल येतं. आता तुमच्या गावात डोळ्यासमोर आणा, आठवडी बाजार, गणपतीची मिरवणूक, नवरात्रात देवीच्या यात्रेला मेन रोड बंद, दिवाळीच्या आधी फटाक्याचे स्टॉल. प्रत्येक वेळी हिशेब! तुमच्या मसुद्यात "सुविधा अनुपलब्ध राहिल्यास भरपाई" असं काहीतरी कलम असेलच, शोधा.

शिकागोचीच दुसरी गोष्ट तुमच्या प्लॉटला जास्त लागू पडते. मीटरच्या आधी, २००६ मध्ये, त्यांनी मिलेनियम पार्क आणि ग्रँट पार्कखालची जमिनीखालची गॅरेजं ९९ वर्षांसाठी ५६ कोटी डॉलरच्या वर घेऊन दिली होती. त्या करारात एक कलम असं होतं की जवळपास दुसरं सार्वजनिक पार्किंग होऊ द्यायचं नाही. पुढे शहरानेच तिथल्या अॅक्वा नावाच्या टॉवरच्या पार्किंगला सार्वजनिक वापराचं लायसन दिलं, कंपनी लवादात गेली, जिंकली, आणि शहराला व्याजासकट सहा कोटी डॉलरच्या वर भरावे लागले. गंमत म्हणजे त्यात कंपनीचंही भलं झालं नाही, काढलेलं कर्ज फिटेना म्हणून काही वर्षांतच ती गॅरेजं कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेली. तेव्हा खासगी म्हणजे हुशारच असतात असंही काही नाही, तेही गाड्यांचे आकडे फुगवून धरतात. तुमच्याकडे स्पर्धक पार्किंग नको असलं कलम आलं तर उद्या मंगल कार्यालयवाल्याने त्याचं मैदान लग्न नसलेल्या दिवशी दहा रुपयांत गाड्यांना दिलं तरी पालिका अडचणीत.

आता दुसरी बाजू, कारण पालिकेची भलामण करायला मी बसलेलो नाही. पालिकेकडे ताबा असला की काय होतं ते आपण सगळे बघतोच. पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण आलं, गदारोळ झाला, शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झालं आणि पुढे घोंगडं भिजतच पडलं. कोलकात्यात एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेने पार्किंगचे दर वाढवले आणि मुख्यमंत्र्यांची नाराजी झाल्याबरोबर मागे घेतले. निवडणूक तोंडावर असली की दर वाढवायची कुणाची हिंमत होत नाही आणि निवडणूक कायमच कुठली ना कुठली तोंडावर असते. शिवाय पालिकेने स्वतःची माणसं उभी केली की दोन महिन्यांत त्यातली निम्मी "तात्पुरती" दुसऱ्या खात्यात जातात, उरलेल्यांना नगरसेवकाच्या माणसाची गाडी अडवायची हिंमत नसते, आणि पावतीपुस्तकाचा हिशेब म्हणजे आनंदच.

आणि ताबा सरकारी असला म्हणजे वसुलीत मनमानी होत नाही असं समजू नका. लंडनच्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परमिटचं शुल्क ४० पौंडांवरून १०० केलं आणि पाहुण्यांच्या गाडीचं कुपन १ पौंडावरून ४ पौंड, उद्देश काय तर रस्त्यांच्या इतर खर्चाला पैसा काढायचा. एका रहिवाशाने कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की हे बेकायदेशीर आहे, पार्किंगचा कायदा हा पैसे कमवायचा कायदा नाही. तिथे पार्किंगमधून शिल्लक राहिलेली रक्कम कुठे खर्च करायची हेसुद्धा १९८४ च्या कायद्यात लिहून ठेवलंय. आपल्याकडे पार्किंगची रक्कम पालिकेच्या जनरल फंडात जाते आणि तिथून ती कुठे जाते ते कुणाला शोधून सापडत नाही. व्यापाऱ्यांचा विरोध निम्मा तिथूनच येतो आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आता ठेक्याच्या गणिताकडे येतो, कारण तुमच्या ठरावातलं खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे नव्वद टक्के पे अँड पार्क बोलीवर जातं, म्हणजे जो वर्षाला जास्तीत जास्त रक्कम पालिकेला द्यायला तयार त्याला ठेका. ऐकायला छान वाटतं. आपण एक काल्पनिक हिशेब करू. समजा तुमच्या मेन रोडवर ६० चारचाकी आणि १५० दुचाकी बसतात, दिवसाचे दहा तास वसुली, सरासरी साठ टक्के जागा भरलेली. चारचाकीला तासाला २० रुपये धरले तर दिवसाचे ७,२०० होतात, दुचाकीला ५ रुपये धरले तर ४,५००. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दोन्ही मिळून साधारण ३५ लाख. यातून सहा माणसं महिना १५,००० ने म्हणजे ११ लाखांच्या आसपास गेले, मशीन, छपाई, बँक, रंगवलेले पट्टे, कर, ते वेगळं. म्हणजे प्रामाणिकपणे चालवणारा माणूस पालिकेला वर्षाला २० लाखाच्या आगेमागेच देऊ शकतो. आणि लिफाफा उघडतो तेव्हा बोली निघते ४० लाखांची! सभागृहात टाळ्या पडतात, पेपरात बातमी येते पालिकेच्या उत्पन्नात वाढ. अहो, जिथे सगळी वसुलीच ३५ आहे तिथे ४० कुठून देणार? ते येतात तुमच्या गिऱ्हाईकाच्या खिशातून, पावतीवर २० आणि हातात ३०, दोन रांगांच्या जागी तीन रांगा, नो पार्किंगच्या बोर्डाखालीही गाडी, आणि "हेल्मेटचे वेगळे पाच रुपये".

कसं चालतं ते एकदा जवळून बघा. संध्याकाळी सातला मेन रोडच्या कोपऱ्यावर उभे राहा. पोऱ्या पावती लिहितो, गाडीचा नंबर लिहितो फक्त शेवटचे चार आकडे, वेळेच्या जागी एक रेघ. वेळ लिहिली नाही की एक तास झाला की तीन तास हे त्याच्या मनावर. गिऱ्हाईक परत आलं की तोंडी रक्कम सांगतो, आणि पावती तुम्ही मागितली नाही तर तीच पावती पुढच्या गाडीला लावतो. पुस्तकात कार्बन असतो पण पुस्तक बदलायच्या आधी कुणी तपासत नाही. पावतीवर मागच्या ठेक्याची मुदत छापलेली असते, ती संपून गेलेली, कारण ठेका मुदतवाढीवर चाललेला असतो. एका पालिकेत मी फाईल मागितली तर मूळ ठेका एका वर्षाचा आणि त्यावर मुदतवाढीची पत्रंच पत्रं, अनामत रक्कम मात्र पहिल्या वर्षाचीच. ठेकेदार वाईट माणूस होता असं नाही हो, त्याला ४० लाख भरायचे होते.

तेव्हा खासगी माणूस घ्यायचा असेल तर त्याला चालवायचं काम द्या, उत्पन्नाचा मालक करू नका. म्हणजे उलटं टेंडर काढा. सगळी वसुली पालिकेच्या खात्यात, शक्यतो पार्किंगच्या वेगळ्या खात्यात, आणि ऑपरेटरला महिन्याला ठरलेली फी, सर्वात कमी फी मागेल आणि कामाच्या अटी पाळेल त्याला काम. जादा गाड्या कोंबून त्याला काही मिळत नाही, जास्त पैसे घेऊन काही मिळत नाही, पण पट्टे रंगवलेले नसले, मशीन बंद असलं, तक्रारी आल्या तर फी कापली जाते. तीन वर्षं, फार तर पाच. ३० वर्षं लागतात ती बिल्डिंगचं कर्ज फेडायला, रस्त्याच्या कडेला गाड्या लावायला ३० वर्षांचा करार कशासाठी? म्हणून पहिलं काम, रस्ता आणि प्लॉट हे दोन विषय वेगळे करा. दोन वेगळे ठराव, दोन वेगळे करार. कंपनी दोन्ही एकत्र का मागते हे उघड आहे, बिल्डिंग रिकामी राहणार हे तिलाही माहितीये, पैसा रस्त्यावर आहे.

बिल्डिंग रिकामी का राहते? रस्त्यावर फुकट किंवा बिल्डिंगएवढ्याच दरात गाडी लागत असेल तर तिसऱ्या मजल्यावर गाडी चढवून परत चालत यायला कोण जाणार? मुंबईत बिल्डरांना जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, देऊन सार्वजनिक पार्किंग बांधून घेतलं, ते महापालिकेला मिळालंही, पण बरीच रिकामी पडायची. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेने अशा २६ पार्किंगच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावली तर दंड लावला, दुचाकीला ५,००० पासून आणि मोठ्या गाडीला उशिराची रक्कम धरून २३,००० पर्यंत. आकडे ऐकून लोक हबकले, पण मुळातली अडचण बरोबर ओळखली होती, रस्त्यावरची जागा महाग आणि आतली स्वस्त असेल तरच बिल्डिंग भरते. आपल्याकडे बहुतेक गावांत नेमकं उलटं असतं. पुण्याच्या मंडईत आर्यन आणि मिनर्व्हा अशी दोन पार्किंग आहेत (नावं बदलली तरी लोक हेच म्हणतात), सणासुदीला तिथे रांग लागते कारण आसपास गाडी लावायला इंचभर जागा नसते, पण तसं ठिकाण गावात एखादंच असतं.

प्लॉटवर बिल्डिंग हवीच का, हेही आधी विचारा. प्लॅनिंगमध्ये एका कारला येण्याजाण्याच्या वाटेसकट उघड्यावर २३ चौरस मीटर धरतात, वर छत असेल तर २८ आणि बेसमेंटला ३२, कारण रॅम्प आणि खांब जागा खातात. म्हणजे दोन मजले बांधले की गाड्या दुप्पट होत नाहीत. मशीनचं पार्किंग, ते खालीवर सरकणाऱ्या ट्रेचं, जागा कमी घेतं पण त्याला मेंटेनन्सचा करार लागतो, वीज लागते, जनरेटर लागतो, आणि संध्याकाळी सातला सगळे एकदम बाहेर पडायला लागले की गाडी मिळायला पाळी येईपर्यंत उभं राहावं लागतं. एका शहरात असं मशीन उद्घाटनानंतर मेंटेनन्सचं बिल थकल्यामुळे बंद पडलेलं मी बघितलंय, ट्रेमध्ये कबुतरं. तुमच्या गावात बहुतेक गाड्या दुचाकी असणार, त्यांना मजले नको, सपाट सिमेंटची जागा, पट्टे, सावली आणि दिवा पुरतो.

त्याआधी मोजणी करा. महाग काम नाही. कॉलेजची आठ-दहा पोरं घ्या, प्रत्येकाला रस्त्याचा एक तुकडा, दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, सकाळी नऊ ते रात्री नऊ, एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस. मग एका गाडीने किती वेळ जागा अडवली ते कळतं. मी जिथे जिथे हे केलंय तिथे एक गोष्ट हमखास निघते, दुकानासमोरच्या चांगल्या जागांवर सकाळी शटर उघडताना लागलेल्या गाड्या रात्री शटर पडेपर्यंत तिथेच असतात, आणि त्या गिऱ्हाइकांच्या नसतात, दुकानदारांच्या आणि कामगारांच्या असतात. तुम्ही संघटनेत आहात म्हणून स्पष्ट सांगतो, गिऱ्हाईक पळेल म्हणून ओरडणाऱ्यांतले काही जण स्वतःच गिऱ्हाइकाची जागा अडवून बसलेत. एका जागेवर दिवसभर मालकाची अॅक्टिव्हा उभी राहिली की त्या जागेवर अर्ध्या-अर्ध्या तासाने येणारी वीस गिऱ्हाइकं बाहेर राहिली. तुमच्या लोकांना प्लॉटवर स्वस्त मासिक पास द्या आणि मेन रोड गिऱ्हाइकाला सोडा. नुसतं हे केलं तरी बिल्डिंगची गरज किती उरते ते बघा.

दर किती असावा याला एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच तो ३० वर्षांसाठी कुणाला लिहून देऊ नये. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हे सोपं करून सांगितलं होतं, दर असा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा कायम रिकामी दिसली पाहिजे, साधारण ८५ टक्के भरलेलं. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून ते करून बघितलं, जागा ६० ते ८० टक्के भरलेली राहावी म्हणून दर थोडे थोडे वरखाली केले, आणि लोकांना वाटलं होतं तसं सगळीकडे दर वाढले नाहीत, बऱ्याच ठिकाणी उतरले. हे शहराला करता आलं कारण दर शहराच्या हातात होता. शिकागोला आता असं काही करायचं तर आधी कंपनीचं नुकसान मोजत बसावं लागतं. तुमच्याकडे सेन्सर वगैरेची काही गरज नाही, सहा महिन्यांनी तीच पोरं, तीच मोजणी, आणि ठराव करून दर पाच रुपये वर किंवा खाली. कारण मात्र लिहून ठेवायचं, म्हणजे वाढवला तर का आणि उतरवला तर का.

व्यापाऱ्यांना तयार करायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्याच पसाडेना शहराचं उदाहरण सांगा. तिथल्या जुन्या बाजारपेठेत दुकानदारांचा मीटरला कडाडून विरोध होता, १९९३ मध्ये पालिकेने सांगितलं की मीटरचा पैसा याच बाजाराच्या फुटपाथ, दिवे, स्वच्छतेवर खर्च करू, तेव्हा ते तयार झाले. तासाला एक डॉलर. बाजाराचं रूप पालटलं आणि गिऱ्हाईक वाढलं. तुमच्या ठरावात एक ओळ घाला, पार्किंगच्या निव्वळ रकमेचा अमुक हिस्सा त्याच वॉर्डात, त्याच रस्त्यावर. मेन रोडला बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह नसतं आपल्याकडे, पहिल्या वर्षाच्या पैशातून ते झालं तर पुढच्या वर्षी पावतीवरून भांडणं निम्मी होतील.

आता दंडाबद्दल, कारण ठेकेदार आला की टोइंग त्याच्याच हातात येईल असा बऱ्याच जणांचा समज आहे. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचं चलन हे ट्रॅफिक पोलिसांचं काम, महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपये. ठेकेदाराच्या पोरांनी स्वतःच्या मनाने चाकाला जॅमर लावायचा आणि हजार रुपये मागायचे हा प्रकार चालू देऊ नका. इंग्लंडमध्ये खासगी कंपन्या असं करत होत्या, इतका त्रास झाला की खासगी जागेत क्लॅम्प, म्हणजे असाच जॅमर, लावण्यावर ऑक्टोबर २०१२ पासून बंदीच आली. पण नुसते पट्टे रंगवून पोलीस आले नाहीत तर पैसे भरणाराच मूर्ख ठरतो, पन्नास पावलांवर फुकट लावलेली गाडी सुखात उभी असते. त्यामुळे पोलीस स्टेशनबरोबर आधी बसा, रोज किती वेळ कारवाई, टोइंगची गाडी कोण देणार, हे लिहून घ्या. हा कागद नसेल तर पालिका चालवो की कंपनी, सहा महिन्यांत सगळं बंद पडणार.

पावतीच्या मागे लिहिलेलं असतं "वाहन मालकाच्या जबाबदारीवर". ते लिहिलं म्हणून सगळं माफ होत नाही. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून, म्हणजे किल्ली दिली की हॉटेलचा माणूसच गाडी लावतो तिथून, १९९८ साली मारुती झेन चोरीला गेली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल तर ओनर्स रिस्क म्हणून हात झटकता येणार नाहीत. मेन रोडवर तुम्ही स्वतः लॉक करून गेलात तर गोष्ट वेगळी, तिथे फक्त जागेचं भाडं. प्लॉटवर मात्र गेट आहे, पावती दाखवल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत, तिथे ऑपरेटरचा विमा करारात असलाच पाहिजे.

पैसे रोख घेणं जितकं कमी तितकं बरं. मोठ्या शहरात फास्टॅगवर पार्किंग घेतात, दिल्ली मेट्रोने काश्मिरी गेटला २०२१ मध्ये सुरू केलं, पण दुचाकीला फास्टॅग नसतो आणि तुमची निम्म्याहून जास्त वसुली दुचाकीचीच असणार, म्हणजे यूपीआय. क्यूआर कोड पालिकेच्या खात्याचा, बोर्डावर पक्का छापलेला, पोऱ्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा नाही. आणि हातातलं छोटं मशीन, त्यात गाडीचा पूर्ण नंबर आणि आत आल्याची वेळ टाकल्याशिवाय पावती निघत नाही असं. तो सगळा डेटा पालिकेचा, रोजच्या रोज. ठेका बदलताना जुना ठेकेदार आकडे घेऊन निघून गेला तर पुढच्या टेंडरला पालिका पुन्हा आंधळी, नवा बोलीवाला मग अंदाजाने ४० लाख लिहितो आणि परत तेच चक्र.

सभा जवळ आली असेल तर ठरावाचा मसुदा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागा, आणि हातात आला की आधी मागची परिशिष्टं वाचा, दरवाढीचं सूत्र, भरपाई आणि स्पर्धक पार्किंग ही कलमं पहिल्या पानांवर कुणी ठेवत नाही. मसुदा देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, पण त्याला ३० दिवस जातात, तेवढ्यात ठराव होऊन जाईल. म्हणून तोवर एखादा नगरसेवक पकडा आणि त्याच्याकडून सूचना मांडून घ्या, की रस्ता आणि प्लॉट हे विषय वेगळे करून मोजणीचा अहवाल आल्यावर पुढच्या सभेत घ्यावेत. विषय पुढे ढकलायला आपल्या सभागृहात फारसा कुणाचा विरोध नसतो.